गुहागरच्या वाडीत माझा श्वास उलटा निघाला

गुहागरला जाण्याचा निर्णय मी रागाच्या भरात घेतला, हे आधीच सांगून टाकते. योगाच्या वाटेवरचे पहिले पाऊल रागाने उचलले जावे ही विसंगती मला तेव्हा जाणवली नाही, आता जाणवते.

कऱ्हाडला आमच्या घराजवळच्या देवळात गेली आठ वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस स्त्रियांचा प्राणायामाचा वर्ग घेते. त्याआधी सदतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. वयाच्या सातव्या वर्षापासून वडिलांच्या पुढ्यात बसून पाठांतर केले, आणि योगशास्त्रावरची सूत्रे व त्यांवरील भाष्ये मला आजही पुस्तक न उघडता सांगता येतात. यंदा कार्तिकात देवळाच्या विश्वस्तांनी सभामंडप दुरुस्त केला, वर्ग रोज सकाळी भरवायचे ठरवले, चाळीस जणींनी नावे दिली, आणि एके दिवशी मंडळाचे चिटणीस माझ्या घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, “बाई, तेवढं एक प्रमाणपत्र लागेल.”

“कशाचे?”

“योगशिक्षकाचं. तुम्हाला येतं हे आम्हाला ठाऊकच आहे हो. पण मंडळाचा नियम झालाय. कागद पाहिजे.”

सदुसष्टाव्या वर्षी कुणीतरी आपली परीक्षा घेणार, या कल्पनेनेच मी संतापले. तरीही नाव नोंदवले. अभ्यासक्रमाचा पहिला भाग घरी बसून संगणकावर होता. लेखी परीक्षेत मी पहिली आले, त्याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. उरला होता गुहागरचा आठ दिवसांचा निवासी वर्ग. तिथे जाऊन त्या लोकांचे उच्चार सुधारावेत आणि कागद घेऊन परतावे, एवढाच माझा संकल्प होता.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी कऱ्हाडहून चिपळूणची एस.टी. धरली. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. ज्यांना वळणांचा त्रास होतो त्यांनी कोयनानगरच्या थांब्यावर वडा खाण्याचा मोह टाळावा. मी टाळला, माझ्या शेजारणीने टाळला नाही, आणि पुढचा तासभर खिडकीची जागा तिला द्यावी लागली. वाहकाने तिकीट देताना मला विचारले, “आजी, पंचाहत्तर झाली का?”

“सदुसष्ट.”

“मग अर्धं तिकीट. आठ वर्षं थांबला असता तर फुकट आला असता.”

“तोपर्यंत तुमचा घाट टिकेल का?” मी विचारले. गाडी हसली. मी फार प्रसन्न होते त्या दिवशी.

चिपळूणला गाडी बदलावी लागते. गुहागरची गाडी साधारण तासातासाला मिळते आणि पुढे दीड तास लागतो. वाट तांबड्या कातळावरून वरखाली होत जाते, आणि शेवटच्या उतारावर समुद्र एकदम समोर येतो. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन मी पत्ता विचारत निघाले. वर्ग होता एका वाडीत. वाडी म्हणजे इकडे नारळी-पोफळीची बाग. मध्ये जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर, मागच्या अंगाला सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पोफळींच्या आळ्यांत गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली एक पस्तिशीची बाई पाणी लावत होती. मी तिला म्हणाले, “जरा आत जाऊन वर्ग घेणाऱ्या बाईंना बोलावता का?”

“मीच ती, वैशाली,” ती म्हणाली. “पिशवी ओटीवर ठेवा. पेज गरम आहे, आधी जेवून घ्या.”

हा पहिला धक्का. तो मी पेजेबरोबर गिळला. उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, वालाची उसळ आणि भाजलेला पापड. राहणे, जेवण आणि शिकवणे यांचे एकत्र शुल्क आधीच भरलेले असते, त्यामुळे आठ दिवस पिशवीतून पैसे काढण्याचा प्रसंग येत नाही. मात्र स्वयंपाकघर शाकाहारी असले तरी शेजारच्या घरांतून माशांचा वास येतोच. माझ्यासारख्यांनी तशी मनाची तयारी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बारा विद्यार्थी पडवीत बसलो. प्रार्थनेतले तीन उच्चार मी तिथल्या तिथे दुरुस्त केले. वैशालीताईने ते निमूटपणे वहीत टिपून घेतले. मला वाटले, हिला आपल्या मापाची कल्पना आलेली दिसते.

मग तिने प्रत्येकाला एक नारळाची करवंटी दिली. उताणे झोपायचे, करवंटी नाभीवर ठेवायची, आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. जोडीदाराने नुसते पाहायचे आणि सांगायचे. माझा जोडीदार होता मिलिंद. वय अडतीस. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करणारा. आपल्या सोबत्यांना शिकवता यावे म्हणून साठवलेली रजा खर्चून तो आला होता. अबोल, पण नजर तीक्ष्ण. मी डोळे मिटून पडले. त्याने एकदा वाकून पाहिले, मग दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा पाहिले.

“बाई,” शेवटी तो म्हणाला, “तुमची करवंटी उलटी चालतेय.”

“उलटी म्हणजे?”

“श्वास घेताना खाली जातेय. सोडताना वर येतेय.”

“तशीच जायला हवी. श्वास घेताना नाभी पाठीकडे ओढायची असते.”

त्याने करवंटी माझ्या पोटावर नीट सरकवली. मग म्हणाला, “आमच्याकडं गॅस सुटला ना, तर पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून आत जायला लागतं. त्याचं ट्रेनिंग असतं. पोटानं सावकाश श्वास घेतला तर सिलिंडर पुरतो. वरच्या वर छातीनं घेतला तर अर्ध्यात संपतो. तुम्ही घेताय तसा घेतला तर…” तो थांबला. “राग मानू नका. मी तुम्हाला आत पाठवणार नाही.”

मी ताडकन उठून बसले. करवंटी घरंगळत जाऊन खांबाला आपटली. शास्त्र काय म्हणते ते मी त्याला सविस्तर ऐकवले. पडवीतले सगळे आपापल्या करवंट्या पोटावर सांभाळत ऐकत राहिले. माझे बोलणे संपल्यावर वैशालीताई जवळ येऊन बसली. म्हणाली, “बाई, एखादं लांब स्तोत्र म्हणून दाखवाल?”

मी म्हटले. आवाज कुठेही तुटला नाही.

“सुरेख,” ती म्हणाली. “पण प्रत्येक चरण संपला की तुम्ही वर गळ्याशी एक चोरटा श्वास घेता. पोट सगळा वेळ आवळलेलं. हे कुणी शिकवलं?”

उत्तर माझ्याजवळ होते, आणि ते देताना माझा आवाज पहिल्यांदा तुटला. वडिलांनी शिकवले. पाठ म्हणताना ताठ बस, पोट आत घे, मध्ये श्वास ऐकू येता कामा नये. पुढे आईने, मग सासूने, नेसण घट्ट आवळताना तेच सांगितले. पोट आत. साठ वर्षे मी ज्याला प्राणायाम समजत होते, ती केवळ पाठ न तुटू देण्याची युक्ती होती. सूत्रे मी पाठ केली होती, भाष्ये मी पाठ केली होती, आणि ज्या एका वस्तूविषयी ती सारी बोलत होती ती माझ्या देहात जन्मभर उलटी चालली होती. भर सकाळी, समुद्राचा वारा अंगावर असताना मला घाम फुटला.

पण खरा आघात त्यानंतर मिनिटाभराने झाला. मला सुमन आठवली.

सुमन ही आमच्या गल्लीतली. शिवणकाम करते. माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून येणारी. दोन वर्षांपूर्वी वर्गात दीर्घ श्वास घेता घेता तिला घेरी आली, हातपाय गार पडले, ती रडू लागली. मी तिला सर्वांसमोर म्हणाले होते, “सुमन, श्रद्धा कमी पडली की देह असा बंड करतो.” त्यानंतर ती आली नाही. वर्गाला नाही आणि देवळातल्या संध्याकाळच्या पाठालाही नाही. मी तिला नास्तिक ठरवून मोकळी झाले होते. आता गुहागरच्या त्या पडवीत मला स्वच्छ दिसले की त्या दिवशी बंड केले ते एका गुदमरलेल्या शरीराने, आणि त्याला गुदमरवले होते मी. तिच्यासारख्या आणखी किती? आणि आता चाळीस जणी नव्या सभामंडपात माझी वाट पाहत होत्या.

पुढचे तीन दिवस मी श्वास घ्यायला शिकले. हे वाक्य लिहिताना आजही मला ओशाळल्यासारखे होते. पहाटे पुळणीवर चालायचे. ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की अनवाणी पायांना ती सोसते, आणि सूर्य सुरूंच्या मागून उगवत असल्यामुळे किनारा बराच वेळ सावलीत राहतो. ज्यांना एकांत हवा त्यांनी हीच वेळ साधावी. परत येऊन करवंटी. सावकाश, न ओढता. पहिल्या दिवशी एकदाही साधले नाही. दुसऱ्या दिवशी, मी प्रयत्न सोडून पोफळींच्या शेंड्यांकडे पाहत पडले असता, करवंटी आपोआप वर आली. मी दचकले आणि ती पुन्हा खाली गेली. मिलिंद दिवसाकाठी एकदा येऊन पाहून जाई. “आज सिलिंडर वीस मिनिटं जाईल, बाई,” म्हणे. त्याच्या बोलण्यात उपहासाचा लवलेश नव्हता. उपहास असता तर मला सोपे गेले असते.

पाचव्या दिवशी प्रत्यक्ष शिकवण्याची परीक्षा होती. वैशालीताई दरवेळी ती वाडीबाहेर, अनोळखी माणसांत घेते. या वेळी मिलिंदने आपल्या वस्तीत व्यवस्था केली होती. गुहागरहून लोटे म्हणजे चिपळूण गाठून महामार्गाने परशुराम घाट चढायचा. आम्ही भाड्याची जीप केली होती. घाटात परशुरामाचे दर्शन घेता येते, आणि तेथून खाली वाशिष्ठीचे जे वळण दिसते त्यासाठी मुद्दाम अर्धा तास राखून ठेवावा. लोटे जवळ आले की मात्र हवेला वेगळाच उग्र वास येऊ लागतो. मिलिंद म्हणाला, “आम्हाला येत नाही तो आता. पाहुणे आले की कळतं.”

वर्ग होता बुद्धविहाराला लागून असलेल्या सभागृहात. दाराशी मी क्षणभर थबकले. कऱ्हाडच्या शाळेत अशा कितीतरी घरांतली मुले माझ्या हाताखालून गेली. त्यांच्या वस्तीतल्या विहाराची पायरी मी सदतीस वर्षांत एकदाही चढले नव्हते. कुणी अडवले नव्हते. मला कधी सुचलेच नव्हते. हे लक्षात येऊन मी दाराशीच ओशाळले. मिलिंद म्हणाला, “बाई, या ना. चपला इकडं.” मी आत गेले आणि समोरच्या बुद्धमूर्तीला हात जोडले.

साडेतीनच्या सुमारास कंपनीची बस थांबली आणि पहिल्या पाळीची बारा-पंधरा माणसे आली. काही बायका आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांत मिलिंदची आई होती, सत्तरीच्या पुढची, भिंतीला टेकून. मला वीस मिनिटे दिलेली होती. मी प्राणाचे पाच प्रकार समजावून सांगायला लागले. तिसऱ्या प्रकाराशी पोचले तेव्हा मागून एक जण म्हणाला, “बाई, श्वास कदी घ्यायचा? की दुसऱ्या पाळीला घेऊ?”

हशा पिकला. मी गोंधळले, घाईने सर्वांना ताठ बसवले, आणि म्हणाले, “आता दीर्घ श्वास घ्या. पोट आत.”

शब्द उच्चारले गेले आणि मला ते ऐकू आले. तीन दिवस करवंटी पोटावर ठेवून जे शिकले होते, ते उभे राहून शिकवताना जिभेवर आलेच नाही. आले ते वडिलांचे वाक्य. समोर पंधरा थकलेल्या माणसांनी आज्ञाधारकपणे पोटे आत ओढली. आठ तास त्या वासात काम करून आलेली माणसे. मिलिंदने मान खाली घातली. पुढे काय करायचे ते सुचेना.

“अवो बाय,” भिंतीकडून आवाज आला. मिलिंदची आई. “चूल फुकलीत का कदी?”

“लहानपणी,” मी म्हणाले.

“फुकायच्या आदी वारा कुटं भरलात? पोटात ना?”

“हो.”

“मंग आता पोटाला सोवळा कसला?”

“आये!” मिलिंद ओरडला. पण सभागृह हसत होते, म्हातारीसुद्धा, आणि माझ्या लक्षात आले की तिने मला सोडवले आहे. तिने मूठ वळून तोंडाशी फुंकणी धरल्यासारखी धरली. “धरा तुमी पन. भरा वारा. आनी भरा. आता फुका, इस्तू पेटला पायजे.” मी मूठ तोंडाशी धरली. पोट फुगवले, पंधरा पुरुषांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आणि फुंकले. सगळ्यांनी फुंकले. मग मी म्हणाले, “मघाशी मी चुकीचे सांगितले. श्वास घेताना पोट बाहेर. मी स्वतः हे तीन दिवसांपूर्वी शिकले. पुढचे मिलिंद सांगेल.” आणि खाली बसले. त्याने पुढची दहा मिनिटे घेतली. साधे, मोजके शब्द. कुणी दुसऱ्या पाळीचा विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीताईने मला वाडीच्या टोकाला बोलावले. तिच्या हातात निकालाचा कागद होता.

“बाई, मिलिंदला प्रमाणपत्र देतेय. तुम्हाला आत्ता देणार नाही.”

मला ऐकल्यावरही समजले नाही. सदतीस वर्षे मी इतरांना नापास केले होते. नापास होणे हा अनुभव मला नव्हता.

“काल चूक कबूल केली मी,” मी म्हणाले. “सर्वांसमोर.”

“म्हणूनच परत या म्हणतेय. तुम्हाला कळलंय, पण जिभेला अजून कळलेलं नाही. चाळीस जणींसमोर घाईत तुम्ही पुन्हा तेच बोलाल. चैत्रात या. नव्याने शुल्क नको.”

मी तिच्याशी वाद घातला. लेखी परीक्षेतले गुण, वय, सभामंडप, सारे पुढे केले. ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “काल तुमच्या एका वाक्यावर पंधरा माणसांनी पोटं आत घेतली, बाई. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मला त्याची भीती वाटते.”

उरलेले दोन दिवस मी राहिले. निघून जाणे शक्य होते, पण करवंटी सुटेना. परतीच्या प्रवासात घाट लागला, ढग खाली राहिले, आणि मी संपूर्ण वाट एकाच विचारात होते: चिटणिसांना काय सांगायचे हे सोपे आहे, सुमनला काय सांगायचे?

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी: कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पांघरूण पातळ चालते. नऊवारी किंवा घट्ट नाडीचे कपडे मात्र नेऊ नयेत, हे मी अनुभवाने सांगते.

घरी पोचले त्याच दिवशी दुपारी मी सुमनकडे गेले. शिलाईयंत्र चालू होते. मला दारात पाहून तिने पाय थांबवला. मी बसले नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. करवंटी, मिलिंद, लोटे, नापास होणे. म्हणाले, “त्या दिवशी तुझी श्रद्धा कमी पडली नव्हती, सुमन. माझे ज्ञान कमी पडले होते. तुला घेरी आली ती माझ्यामुळे.”

तिने हातातले कापड घडी करून बाजूला ठेवले.

“माहीत होतं, बाई.”

“काय माहीत होते?”

“तुमचं उलटं असतंय ते. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. घरी येऊन सरळ करून बघितलं, बरं वाटलं. मग वर्गात पण सरळच करत होते. सगळ्याच करत होतो.”

“सगळ्याच?” मी दाराची चौकट धरली.

“तुम्ही डोळे मिटायला सांगायचा ना. तुम्ही पण मिटायचा. मग आम्ही आमचं करायचो.” ती हसली नाही. “त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसला, पाठीवर हात ठेवला. म्हणून त्या दिवशी तुम्ही सांगितलं तसं केलं.”

“आठ वर्षे,” मी म्हणाले. “आठ वर्षांत एकीलाही मला सांगावेसे वाटले नाही?”

सुमनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्न विचारल्याचा मला पश्चात्ताप झाला.

“तुम्हाला कोण सांगणार, बाई?” ती म्हणाली, आणि मला बसायला स्टूल पुढे केले.

सभामंडपातला रोजचा वर्ग चैत्रापर्यंत पुढे ढकलला आहे. चिटणिसांना कारण खरे ते सांगितले. सोमवार-गुरुवारचा जुना वर्ग मात्र चालू आहे. सुमन येते. ती पुढे बसते, मोठ्याने सूचना देते, आणि मी इतर जणींत बसून त्या पाळते. शास्त्र अजूनही मीच सांगते, ते मला येते. पहिल्या दिवशी तिने “डोळे मिटा” म्हटले, आणि मी मिटले नाहीत. बावीस पोटे एकसाथ बाहेर येताना मी पाहिली.